मालकी रान आणि करदात्याचा पैसा

पहिला पाऊस पडून गेल्यानंतरचा रविवार. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दहा-बारा रोपं लावून झाली, फोटो काढून झाले आणि गच्चीवर वडा-चहासोबत वाद पेटला. मुरबाड-शहापूरकडे ज्यांची स्वतःच्या मालकीची रानं आहेत, त्यांना ती राखायला सरकारने पैसे द्यावेत का? एक गट म्हणत होता, "जमीन त्यांची, झाडं त्यांची, उद्या विकून येणारा पैसाही त्यांचाच. मग आमच्या टॅक्समधून कशाला?" दुसरा गट म्हणत होता, "सरकारने यात पडूच नये. मालक लावेल, मालक तोडेल, बाजार बघून घेईल." तासभर दोन्हीकडून षटकार मारून झाले. आज या मालकाच्या पदरात नेमकं पडतं तरी काय, हे मात्र एकानेही विचारलं नाही. तेच माहीत नसेल तर त्याला आणखी द्यावं की न द्यावं, हा हिशेब आपण कशाच्या जोरावर मांडतो?

माझं मत आधीच सांगून टाकतो. पैसे द्यावेत. पण ते उभं रान राखण्याचे द्यावेत, दरवर्षी, झाडं मोजून. आणि पैशाच्याही आधी एक लेखी हमी द्यावी, की जे वाढवशील ते तुझंच राहील आणि त्यातलं ठरल्याप्रमाणे तुला कापताही येईल. ही हमी नसताना दिलेला पैसा खड्ड्यात जातो. अगदी शब्दशः, कारण आपल्याकडे तो खड्डे खणायलाच दिला जातो.

माझे काका टोकावड्याच्या अलीकडे राहतात. दीड एकर भातखाचरं आणि वर चार एकर वरकस. वरकस म्हणजे खाचरांच्या वरची उताराची, मुरमाड जमीन. तिच्यावर भात होत नाही, पण पूर्वी तिच्याशिवायही भात होत नसे. ऐनाच्या फांद्या तोडायच्या, तो तहाळ, शेण आणि पालापाचोळा भाताच्या वाफ्यावर रचून उन्हाळ्यात जाळायचा, म्हणजे राब. ऐन कोणी बुडापासून तोडत नसे. तोडला तर पुढच्या वर्षी राबाला काय आणणार? आता युरियाची गोणी आली, राब कमी झाला आणि ऐनाचं काम संपलं. गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा काका कोयता घेऊन वरकसात होते. ऐन आणि किंजळीचे कमरेएवढे फुटवे बुडाशी छाटत चालले होते. छाटलेलं उचलतही नव्हते, जिथल्या तिथे पडू देत होते. मी म्हटलं, "काका, वाढू द्या की." त्यांनी मान वर केली नाही. "वाढली की माझी राहत नाहीत रे." खालच्या बांधाला मात्र सुरूची सरळसोट ओळ उभी होती. तिला ते हातही लावत नाहीत.

ऐनावर कोयता आणि सुरूला अभय, हे कोडं वाटेल. ते सुटतं कायद्याच्या एका यादीत. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. साग, ऐन, खैर, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, म्हणजे आपल्या मातीतली बहुतेक मोलाची झाडं तिच्यात आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला परवानगी लागते. सुरू, निलगिरी, सुबाभूळ तिच्यात नाहीत. हेतू चांगलाच होता, देशी झाडं वाचावीत. पण शेतकऱ्याने त्यातून काय शिकायचं? जे झाड कायद्याला प्रिय, ते लावू नये. मालकी झाडं तोडायची तर अर्ज, सातबारा, मोजणी, पाहणी, पंचनामा, लाकडावर हातोड्याचा शिक्का आणि शेवटी वाहतुकीचा पास. चार एकरवाल्याला हे झेपत नाही. म्हणून तो ठेकेदाराला उभी झाडं उक्ती, म्हणजे न मोजता एकरकमी, देऊन टाकतो, कागदपत्रं ठेकेदार करतो आणि वखारीत त्याच लाकडाला काय भाव आला हे मालकाला कधीच कळत नाही. आदिवासी खातेदाराची अशी लूट होऊ नये म्हणून १९६९ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरूनच धंद्याची रीत कळावी.

भीतीही आजची नाही. सरकार झाडावर हक्क सांगतं आणि रानाचा धनी कोपऱ्यात उभा राहतो, हे ठाणे जिल्ह्याने फार आधीपासून पाहिलंय. राबाच्या तहाळावर इंग्रजांच्या जंगलखात्याने निर्बंध आणले तेव्हा ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत इतकी ओरड झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला ती गाऱ्हाणी ऐकायला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात असंख्य मालकांच्या नावाने नोटिसा निघाल्या, की तुमच्या जंगलावर निर्बंध का घालू नयेत ते सांगा. बऱ्याच नोटिसा नुसत्याच पडून राहिल्या. मग ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वने संपादनाचा कायदा लागू झाला आणि 'खाजगी वन' या व्याख्येत बसणारी जमीन एका दिवसात सरकारची झाली. पुढे दुरुस्ती होऊन लहान धारकांना १२ हेक्टरच्या मर्यादेत जमीन परत मागायची वाट ठेवली गेली. पण ती वाट तहसील कचेरीतून जाते, आणि कचेरीच्या वाटेवर किती जण पोचतात हे मी सांगायला नको.

याच जुन्या नोटिसांच्या आधारे, १९७५ च्या कायद्यानंतर तीस वर्षांनी सातबारावर शेरे चढले, तेव्हा मुलुंड-ठाण्यातल्या हजारो फ्लॅटमालकांना कळलं की आपण म्हणे जंगलात राहतो! उच्च न्यायालयात २००८ मध्ये ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ ला निकाल फिरवला. नुसती नोटीस निघाली म्हणून जमीन वन ठरत नाही, असं सांगितलं आणि शहराने सुटकेचा निःश्वास सोडला. त्या सहा वर्षांत आपल्यातल्या कितीतरी जणांनी गृहकर्ज, विक्री, पुनर्विकास सगळं अडकलेलं अनुभवलंय. गच्चीवर "मालकाला कशाची भीती?" असं विचारणाऱ्यांपैकी दोघं त्याच इमारतींमधून आलेत. उताऱ्यावरचा एक शेरा काय करतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

त्यात १९९६ चा आदेश आहे. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, ते वन, मालकी कोणाचीही असो. देशातली बेसुमार तोड त्या आदेशाने थांबली, हे मान्यच करायला हवं. मात्र मालकी रानाच्या बाबतीत त्याचा उलटा परिणामही झाला. वरकस नुसतं सोडून दिलं तर दहा-पंधरा वर्षांत ते पुन्हा रान होतं, कोकणाची माती तेवढी दिलदार आहे. पण रान झालं की ते 'वन' ठरायची टांगती तलवार. २०२३ मध्ये संसदेने व्याख्या आखडती घेतली, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त जुनीच व्याख्या धरायला सांगितली. यातलं काय बरोबर, यावर वकिलांनी वाद घालावा. काकांपुरता अर्थ एवढाच, की कोयता खाली ठेवू नये.

आता पलीकडच्या बाजूचं जे खरंच वजनदार आहे, ते घेतो. पहिला आक्षेप: हे मालक कोण? मुरबाड, शहापूर, कर्जतच्या रस्त्याकडेच्या जमिनी कधीच शहरातल्या लोकांच्या नावावर गेल्या. फार्महाऊसच्या कुंपणाला चार साग लावणाऱ्याला अनुदान द्यायचं? नाही द्यायचं. स्वतःची उपजीविका त्या गावात असलेला लहान खातेदार, एवढी अट घालता येते. शेतीच्या कितीतरी योजनांत अल्पभूधारकाची अट असतेच. योजनेत चोर शिरतील म्हणून योजनाच नको, हा न्याय लावला तर रेशनही बंद करावं लागेल.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि गच्चीवर तो कुणीच नीट मांडला नाही, म्हणून मीच मांडतो. ज्या जमिनीचा प्लॉट पडू शकतो, तिथे सरकार झाडामागे काहीही दिलं तरी बिल्डरच्या भावाशी बरोबरी होणार नाही. उताऱ्यावर बिनशेतीचा शिक्का पडला की रान गेलंच. हे खरं आहे, आणि अनुदानाने ते थांबेल असं जो सांगतो तो फसवतोय. तिथे कडक विकास आराखडाच लागेल. पण ठाणे जिल्ह्यातली सगळी मालकी रानं काही महामार्गाला खेटून नाहीत. आतल्या उतारांवर, जिथे डांबरी रस्ता संपून बैलगाडीची वाट सुरू होते, तिथे रानाशी स्पर्धा बंगल्याची नसून कोळशाच्या भट्टीची आणि उक्त्या सौद्याची असते. तो सौदा किरकोळ पैशांत होतो, मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला. तेवढीच रक्कम वर्षावर्षाने रान उभं ठेवल्याबद्दल हाती आली तर सौदा टळेल. आणि पैसे घेऊन पुढे जमीन बिनशेती केली, तर दिलेलं सगळं व्याजासकट वसूल, असा बोजा उताऱ्यावर चढवता येतो. गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा चढतो तसा.

तिसरं भय असं, की तोड सोपी केली तर डोंगर बोडके होतील. खैराची चोरटी तोड होते, कातासाठी होते, रात्रीच्या ट्रकने होते, हे जिल्ह्यात कुणालाही विचारा. पण ही तोड कोणत्या राज्यात होते? परवान्यांच्याच राज्यात ना? ऑगस्ट २०२४ मध्ये विनापरवाना तोडीचा दंड हजारावरून ५० हजार करायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. काठी आणखी जाड करायची, एवढंच. उलट बांबूकडे बघा. १९२७ च्या वन कायद्याने या गवताला नव्वद वर्षं झाड मानलं (वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी कान पकडावेत अशी गोष्ट). २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला, २०१९ मध्ये राज्याने अटल बांबू समृद्धी योजना आणली आणि शेतकरी बांबू लावायला पुढे आले. मोकळीक मिळाली म्हणून गावोगावची बेटं कुणी उपटून टाकली का? ज्याला उद्या कापता येणार आहे, तोच आज लावतो. बांधावरचं जांभूळ आणि वरकसातला ऐन याला अपवाद कसे असतील?

चौथा आक्षेप पैसे खाण्याचा. वृक्षलागवडीच्या मोहिमांनी तो कमावून ठेवलाय. २०१६ च्या १ जुलैला २ कोटी, पुढच्या वर्षी ४ कोटी, मग १३ आणि २०१९ ला ३३ कोटी रोपांचं लक्ष्य. आकडे लावण्याचे होते. जगण्याचा हिशेब मागितला की भुवया उंचावतात. सरकारी मदत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हेच येतं, आणि त्यात लोकांची चूक नाही. पण जगलेल्या झाडावर पैसे द्यायची रीत याच सरकारला चांगली ठाऊक आहे. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातली वरकसं आंबा-काजूने भरली. २०१८ च्या भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळतं, आणि पुढचा हप्ता पाहिजे तर ठरलेली झाडं जिवंत दिसायला हवीत. हापूसच्या कलमाला जो हिशेब लावता येतो तो ऐनाला का नाही? ऐनाला तर पाणी घालायला नको, खत नको, कलम विकत आणायला नको. तो आपोआप उगवतो. फक्त कोयता चालवू नये, एवढ्याचे पैसे द्यायचेत.

झाडांचा विषय निघाला की शिवकालीन धोरणाचा दाखला हमखास येतो. सोसायटीच्या फलकावरही आम्ही तो लावलाय: आंबे-फणस तोडू नयेत, ती झाडं रयतेने लेकरासारखी वाढवलेली असतात. हा मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला, १७१५ च्या सुमाराचा. आरमाराला लाकूड लागतं, त्यासाठी झाडं कशी घ्यावीत याबद्दलचा. फलकावर आपण 'तोडू नका' एवढंच लिहितो आणि पुढचं वाक्य गाळतो. पुढे अमात्य सांगतात, की झाड जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं, जबरदस्ती अजिबात करू नये. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या राज्यकर्त्याला झाडाचा धनी दिसत होता. आपल्या कायद्यांना झाड दिसतं, तोडणारा दिसतो. धनी दिसत नाही.

मग शहराने का द्यायचे, या प्रश्नाला येतो. ठाण्याच्या नळाला भातसाचं आणि बारवीचं पाणी येतं, नवी मुंबईच्या नळाला खालापूर तालुक्यातल्या मोरबेचं. 'झाडं पाऊस आणतात' वगैरे मी म्हणणार नाही, ते भाषणांत शोभतं. पण उघड्या उतारावरची माती पहिल्या चार पावसांत ओढ्यात जाते आणि ओढ्यातून धरणात, हे सांगायला भाषण लागत नाही. गाळ साठला की धरणाचं पोट कमी होतं, आणि ते पोट आपलंच आहे. कोस्टारिकाने १९९७ पासून इंधनावरच्या करातून रानमालकांना वर्षागणिक पैसे द्यायला सुरुवात केली. आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही. पाणीपट्टीच्या बिलात एक ओळ वाढेल, इतकंच. घोडबंदरला टँकरला मोजतो त्याच्यापुढे ती रक्कम दिसणारही नाही.

खाडीपलीकडे नवी मुंबईत तर या प्रश्नाची दुसरी बाजू रोज भरती-ओहोटीत उघडी पडते. आगरी गावांच्या खारजमिनी बांधांवर जगत. बांध फुटला, दुरुस्तीला माणसं उरली नाहीत, खारं पाणी आत आलं आणि भाताच्या जागी तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनांना संरक्षण दिलं, मालकी बघितली नाही, भोवतीचे ५० मीटरही राखले. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा आला. हे सगळं योग्यच झालं. मी स्वतः ऐरोलीला बोटीत बसून फ्लेमिंगो बघून आलोय. पण ज्याच्या सातबारावर ती तिवरं उभी आहेत त्याला काय मिळालं? २०१७ पासून राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आहे, खेकडे, कालवं, शोभेचे मासे पाळायला मदत करते. चांगली सुरुवात आहे. तरी ती कष्टाचा नवा धंदा देते, जमीन शहरासाठी राखल्याचा मोबदला देत नाही. याच किनाऱ्यावर शहर उभं करायला जमीन घेतली तेव्हा जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, आणि त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मालकाला परत द्यायचं तत्त्व आलं. इमारतीसाठी जमीन गेली तर मालकाला वाटा, हे आपण रक्त सांडून मान्य केलं. जंगलासाठी जमीन अडकली तर मालकाला फक्त शाबासकी, हे कोणत्या हिशेबाने?

मला काय हवंय, ते फार मोठं नाही. वनखात्याचा एखादा माणूस, हातात दंडाच्या पावतीपुस्तकाऐवजी मोजपट्टी घेऊन, वर्षातून एकदा वरकसात यावा. कोणतं झाड ठेवायचं, कोणतं विरळायचं हे मालकाला सांगावं, मोजावं, सही करावी. दहा वर्षांचा साधा करार असावा, त्यात कापणीचं वर्ष आधीच लिहिलेलं असावं, आणि करारातलं रान पुढे 'वन' म्हणून काढून घेणार नाही हे कायद्यात दुरुस्ती करूनच लिहावं, परिपत्रकात नको. परिपत्रकं बदलीबरोबर बदलतात.

काकांना मी म्हटलं, निदान ओढ्याकाठचे वीस-पंचवीस ऐन तरी या वर्षी ठेवा, काही सोय आहे का मी विचारून येतो. ठेवले त्यांनी. त्यानंतर एका सोमवारी मी सातबारा घेऊन एका कचेरीच्या खिडकीपाशी उभा राहिलो. पलीकडचा माणूस भला होता, पंखा माझ्याकडे वळवला त्याने.

"किती झाडं तोडायचीत?"

"तोडायची नाहीत, ठेवायचीत. त्यासाठी काही योजना, काही फॉर्म?"

त्याने सातबारा उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. "ठेवायचीत तर ठेवा की. मग अर्ज कशाला करताय?"